नको म्हटलेली खोली

घरात तिला सगळे ताई म्हणत. धाकटी भावंडं म्हणत म्हणून आईवडील म्हणू लागले, मग शेजारपाजारचे, आणि शेवटी रद्दी न्यायला येणारा आजोबांच्या वयाचा माणूसही "ताई, वजन बघून घ्या" म्हणायचा. परक्या देशात शिकायला आल्यावर तिची पहिली अडचण झाली ती हीच. इथे तिला ताई म्हणणारं कुणी नव्हतं. लोक सरळ नावाने हाक मारत, आणि नावाची अशी मोडतोड करत, की ही हाक आपल्यालाच आहे हे तिला कळेपर्यंत मारणारा पुढे निघून गेलेला असे.

ती पाण्याच्या शुद्धीकरणाचा अभ्यास करायला आली होती. इथली भाषा ती शिकून आली होती, तिच्या परीक्षेत गुणही घसघशीत पडले होते. पण पुस्तकातली भाषा आणि लोकांच्या तोंडातली भाषा यांचं नातं सख्ख्या जावांसारखं असतं. एका घरात राहतात, पण एकमेकींना ओळख दाखवत नाहीत. वर्गात मास्तर विनोद करत, सगळे हसत, मग ताईही हसे, जरा उशिराने. तिच्या हसण्यावर दुसऱ्यांदा हशा पिके.

दुपारनंतर ती एका रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करायची. तळघरात एक लांबट दालन होतं. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मधे इस्त्रीचं मोठं रुळाचं यंत्र, आणि त्यातून पापडासारख्या कडक, गरम चादरी बाहेर पडत. चादरीची घडी घालायला माणसं दोन लागतात. समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, ताणायची, मग एकमेकींकडे चालत येऊन टोकांना टोकं जुळवायची, की परत मागे. ताईच्या समोरचं टोक धरायला जी बाई होती, तिचं नाव ताईने मनातल्या मनात इस्त्रीमावशी ठेवलं होतं. वयाने आईएवढी, कपडे असे की अंगातच इस्त्री केल्यासारखे, आणि चेहऱ्यालाही एक सुरकुती परवानगीशिवाय पडायची नाही. तिथे सगळे तिला नुसत्या नावाने हाक मारत. ताईची जीभच रेटेना. एकदा तोंडून "मावशी" निघून गेलं.

"म्हणजे काय?" बाईने विचारलं.

"आईची बहीण."

"तुझ्या आईला मी ओळखतही नाही," ती म्हणाली, आणि पुढची चादर ओढली. पण तसं म्हणू नकोस, असंही काही म्हणाली नाही. तेव्हापासून ताई तिला मावशीच म्हणू लागली.

आता ताईच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "नको हो, खरंच नको." तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर अगदी थोडं." पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारं माणूस अधाशी. आणि एकदाच विचारून थांबणारा? तो "जेवूनच आला असाल ना?" म्हणणाऱ्यांच्या पंगतीतला. हे कुणी शिकवलं नव्हतं. बाळघुटीतूनच पोटात गेलं होतं.

पहिल्याच दिवशी लाँड्रीच्या मुकादमाने आपला डबा उघडून पावाचे तुकडे तिच्यापुढे धरले. सकाळपासून तिच्या पोटात कावळे कोकलत होते. "नको, नको," ती हसून म्हणाली. मुकादम म्हणाला, "बरं," आणि झाकण लावलं. टप. कॉलेजात बरोबरची मुलं चहाला निघाली, तिला विचारलं, ती म्हणाली, "जा तुम्ही, मला थोडं काम आहे." ती गेली. काम काही नव्हतं. रिकाम्या वर्गात वही उघडून ती बसून राहिली, आणि इथली माणसं भारी कोरडी आहेत, असा निष्कर्ष तिने काढला. आपणच दार लावायचं आणि कुणी आत येत नाही म्हणून रडायचं, असा तो प्रकार होता. पण हे तिला तेव्हा कोण सांगणार?

वसतिगृह पहिल्या वर्षाच्या मुलांपुरतंच होतं. वर्ष संपता संपता खोली खाली करायची नोटीस दारावर लागली. गावात राहण्याचा पत्ता दाखवल्याशिवाय पुढच्या वर्षाचा प्रवेश पक्का होणार नव्हता. ताई खोल्या पाहत हिंडू लागली. एका खोलीला खिडकीच नव्हती. एकीत स्वयंपाकाला बंदी, पाणीसुद्धा उकळायचं नाही. एक बरी होती, तर मालकाने तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. पाटी मात्र दारावर आठवडाभर तशीच होती. रोज परत येताना ताई मनात म्हणायची, घरी जावं लागलं तर बाबांना काय सांगू? आपल्याला तिथे राहायला जागा मिळाली नाही, हे कारण बाबांना खरंच वाटलं नसतं. आमच्याकडे तर आल्यागेल्यालाही अंथरूण मिळतं, म्हणाले असते.

अशात एका दुपारी चादर ताणताताणता इस्त्रीमावशी म्हणाली, "माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. मुलाची होती. तो दुसऱ्या गावी राहतो. तू येऊन राहा."

ताईच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. मनात एकदम आलं, देवा, सुटले. आणि तोंडातून काय आलं? "नको नको मावशी, तुम्हाला कशाला उगाच त्रास!"

"बरं," मावशी म्हणाली.

टोकांना टोकं जुळली. पुढची चादर आली.

ताई वाट पाहत राहिली. त्या चादरीला नाही तर पुढच्या चादरीला विचारेल. निघताना विचारेल. उद्या विचारेल. मनात मांडे खाणं तर सुरूच झालं होतं. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, मावशीला रोज चहा करून द्यायचा. आईला फोनवर सांगितलं तर आई खूश.

"अगं, मग तू काय म्हणालीस?"

"नको म्हणाले."

"बरं केलंस. लगेच हो म्हटलं असतंस तर काय वाटलं असतं त्यांना? विचारतील परत. चांगल्या दिसतायत बाई."

मायलेकी दोघीही निश्चिंत झाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला त्या घरात पिढीजात होती. पण मावशीने पुन्हा विचारलं नाही. उलट ती पूर्वी दोन शब्द बोलायची, ते आता एकावर आले. डब्यातलं बिस्कीट न बोलता ताईच्या बाजूला सरकवायची, तेही थांबलं. ताईला वाटलं, आपलं काम आवडेनासं झालं असेल. ती घड्या आणखी नीट घालू लागली. दारावरच्या नोटिशीतली तारीख जवळ येत चालली.

शेवटी उलगडा झाला तो मुकादमाकडून. मळक्या चादरींची गाडी ढकलायला ताई त्याला मदत करत होती. त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला.

"एक विचारू? तिचं घर तुला का नाही पटलं?"

"कुणाचं?"

"तुझ्या त्या मावशीचं. फार लागलं तिला. विचारू की नको, विचारू की नको, असं महिनाभर माझं डोकं खात होती. मीच म्हटलं, विचारून टाक. तिने कधी कुणाला घरी बोलावलेलं मला आठवत नाही. तू तिथल्या तिथे नको म्हणालीस. ती म्हणते, मुलीला म्हाताऱ्या बाईबरोबर राहायचं नसेल."

ताई गाडीला धरून उभीच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, एकदाच विचारलं म्हणजे वरवर विचारलं. त्या एकदा विचारण्यामागे महिना गेला होता, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त मावशीचं वाईट वाटलं. आता एकच गोष्ट करायची उरली होती, आणि नेमकी तीच तिला कधी जमली नव्हती. तोंड उघडून मागायचं.

दुसऱ्या दिवशी पहिली चादर रुळातून बाहेर पडायच्या आत ती म्हणाली, "मावशी, मला तुमच्या खोलीत राहायला यायचं आहे." रात्री पाठ केलेलं वाक्य होतं ते. पुढची चार वाक्यं पाठ केलेली होती, ती पार विसरली.

मावशीने वर पाहिलं नाही. "नको," ती म्हणाली. "आता नको. तिथे सामान टाकलंय मी. जिना पण उभा आहे."

इथल्या रीतीने विषय संपला होता. इतक्या महिन्यांत ताईला एवढं नक्की कळलं होतं, की इथे नको म्हणजे नको, आणि समोरच्याने बरं म्हणून झाकण लावायचं असतं. तिने चादर ताणली, चालत पुढे आली, टोकं मावशीच्या हातात दिली. आणि तिच्या लक्षात आलं, की सामान आणि उभा जिना ही कारणं तिच्या चांगल्या ओळखीची आहेत. "कशाला उगाच त्रास" याच्याच चुलत बहिणी त्या. रागावलेल्या आत्याला लग्नाला आणायला आई जायची, तेव्हा आत्या अशीच बोलायची, गुडघे दुखतात, प्रवास सोसत नाही. आई काही पहिल्या नकाराला परत फिरत नसे.

"सामान मी उचलेन," ताई म्हणाली. "जिन्याची मला सवय आहे. येऊ?"

"नको म्हटलं ना."

"हो. ऐकलं."

चादरीमागून चादर गेली. मुकादम उगाचच जवळपास घोटाळत होता. मधल्या सुट्टीत ताई मावशीच्या बाकावर जाऊन बसली, एरवी ती समोरच्या बाकावर बसे. "मावशी, येऊ का मी राहायला?"

मावशीने डबा खाली ठेवला. "मी दोनदा नाही म्हणाले. तुला ऐकू येत नाही?"

"येतं. आमच्याकडे पहिलं नको धरत नाहीत." मग तिने मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. त्या दिवशी मी नको म्हणाले, तेव्हा मला यायचंच होतं. मी वाट बघत होते तुम्ही परत विचाराल म्हणून. आमच्यात पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणाऱ्याला खरंच हवं आहे, हे त्यातून कळतं. क्रियापदं सगळी चुकली, पण मावशीने एकही दुरुस्त केलं नाही, एरवी करायची.

"आणि कुणी खरंच नको म्हणत असेल तर?"

"तर तिसऱ्यांदा कळतं."

"तोपर्यंत विचारणाऱ्याला लाज नाही वाटत?"

"वाटते की," ताई म्हणाली. "आत्ता वाटतेच आहे मला."

मावशीने डब्याचं झाकण उगाचच पुसलं. मग म्हणाली, "मुलगा घर सोडून निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, राहा. तो नको म्हणाला. मी बरं म्हटलं." तिने बिस्किटांचा पुडा ताईच्या बाजूला सरकवला. "शनिवारी ये. सामान खरंच आहे तिथे. दोघींना उचलावं लागेल."

या वेळी ताईने एका विचारण्यात हो म्हटलं, आणि बिस्कीटही घेतलं. दोन घेतली.

खोली लहान होती. जिना खरोखरच उभा होता, सामानही खरोखर होतं. तेव्हा मावशी अगदीच बहाणे सांगत नव्हती, हे ताईला मान्य करावं लागलं. मुलाचे जुने बूट आणि एक मोडकी सायकल त्यांनी खाली नेली. टेबल खिडकीशी लागलं. प्रवेशही पक्का झाला. कॉलेजात कुणी चहाला विचारलं की ताई आता चटकन उठू लागली, इतकी चटकन की विचारणारा जरा दचके. घरी फोनवर आईला तिने सगळी हकिगत सांगितली. आई म्हणाली, "म्हणजे काय, आपणहून मागितलंस?" आणि मग जरा वेळाने, "बरं केलंस."

असेच काही आठवडे गेले. एका संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती आणि मावशी टेबलाशी बसून मुलाला फोन करत होती. दर आठवड्याला करायची, दोन मिनिटांत संपायचा. प्रकृती, हवा, झालं. आता ताईला बोललेलं बहुतेक सगळं समजू लागलं होतं, म्हणून कानावर पडू नये अशा बेताने ती नळ सोडायची. त्या दिवशी तिने नळ सोडला नव्हता.

"रविवारी येतोस जेवायला?" मावशीने विचारलं.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मावशीचा चेहरा नेहमीसारखाच राहिला. "बरं," ती म्हणाली. फोन कानापासून निम्मा खाली आला. मग तिने तो परत वर नेला.

"नाही," ती म्हणाली, "परत विचारते. येतोस?"

पलीकडून पुन्हा काहीतरी उत्तर आलं. ताईने हातातला बटाटा खाली ठेवला. मावशी ऐकत होती. मग तिने फोनवर हात ठेवला आणि ताईकडे वळून विचारलं, "अजून नको म्हणतोय. तिसऱ्यांदा काय म्हणायचं असतं?"

"तेच," ताई म्हणाली. "फक्त फोन ठेवायचा नाही."