अक्काला वाचून दाखवलेला शेवट

आज पेटी उघडली आणि जुन्या मासिकाचा कुबट वास आला. ते मासिक मला टाकताही येत नाही.

लढाईचे दिवस होते. माझी थोरली बहीण, अक्का, माहेरी उमरीला आली होती. दाजी सीमेवर होते. अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून ती ज्वारी निवडत बसायची आणि मी तिला या मासिकातली एका शिपायाची प्रेमकथा वाचून दाखवायचे. शेवटी शिपाई मरतो. मी मात्र तो परत आला, असं वाचलं. अक्का म्हणाली, "लई ग्वाड लिवलंय."

दोन वर्षांनी त्याच गोष्टीवर सिनेमा निघाला. दाजी बेपत्ता असल्याची तार तोवर घरी आली होती. तरी अक्का नवा हिरवा चुडा भरून मला नांदेडला दुपारच्या खेळाला घेऊन गेली.

पडद्यावर शिपाई मेला. भोवतालच्या बायका रडू लागल्या. अक्का माझ्याकडं वळली.

"सिनेमावाल्यायनी खोटंच दाखवलं का गं? कागदावर तर त्यो परत येतो ना?"

"हाव, येतो," मी म्हणाले.

त्या एका शब्दावर अक्का मरेपर्यंत हिरवा चुडा भरत राहिली.