बॅकवॉशचं पाणी

फिल्टर बसवणाऱ्यांकडे गाळ जमतो तसे किस्सेही जमतात. गाळ निदान धुऊन काढता येतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगाव-धुळ्याकडे ठिबक नुकतंच येत होतं. नाना आणि मी एका डीलरकडे फिटर होतो. काम साधं. विहिरीचं पाणी आधी वाळू भरलेल्या लोखंडी टाकीतून न्यायचं, मग बारीक जाळीतून, आणि मग केळीच्या बुडाशी थेंब थेंब सोडायचं. कचरा आत गेला की ठिबकची भोकं बुजतात, आणि मे महिन्यात पाणी तुटलं की बाग गेलीच समजा. त्यामुळे आमचे किस्से ऐकून लोक हसतात, आम्ही जरा कमी हसतो.

*

रावेरकडच्या एका भाऊंनी आठवड्याभरातच जाळी काढून गोठ्यात टांगली. आम्ही सहज गेलो तर खुशीत म्हणाले, "तुमच्या जाळीनं पाणी अडत होतं. आता बघा कसं धो धो येतं!"

पुढच्या महिन्यात त्यांचंच बोलावणं आलं. नळ्या मातीने गच्च आणि निम्मी बाग पिवळी.

"मग बसवून द्या ना जाळी," भाऊ हळूच म्हणाले.

"बसवतो," नाना म्हणाले. "पण आता पाणी द्यायचं कोणाला?"

*

एदलाबादकडे, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरकडे, एका ठिकाणी टाकी उघडली तर आत नदीवरची मातकट वाळू. आमची चाळलेली, धुतलेली वाळू घराच्या गिलाव्यात गेली होती. मुलीचं लग्न होतं ना!

मालक अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाहुणे भिंत बघतात हो. फिल्टर कोण बघतं?"

लग्न थाटात झालं. केळी मात्र त्या वर्षी बोटाएवढीच राहिली.

*

बोटांवरून आठवलं. लाइटीचा भरवसा नसल्याने लोक मोटरच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावत. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. एका शेतात लाइट गेलेली पाहून नानांनी टाकीचं झाकण सोडलं, आत हात घातला, आणि नेमकी लाइट आली. पाण्याच्या दाबाने झाकण उलटलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर नानांचा पहिला प्रश्न: "झाकणाचं रबर सापडलं का?"

डीलरच्या दुकानात हा किस्सा फार रंगायचा. मला त्याचं हसू कधीच आलं नाही. त्यानंतर नाना आधी स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात टाकायचे आणि मगच टाकीला हात लावायचे.

*

आणि हा शिंदखेड्याकडचा. तापीकाठची केळीची बाग. महिन्यापूर्वी मालक वारले होते, गाव त्यांना आबा म्हणायचं. बाग आता त्यांची बायको, अक्का, एकटी बघत होती. ऐन मे महिना, ठिबकला पाणी येईना आणि पानं करपायला लागलेली.

टाकी उघडली. वाळूवर करडा थर बसला होता, त्यात पांढरे बारीक तुकडे. नानांनी एक उचलला, पाहिला आणि जिथून घेतला तिथेच परत ठेवला.

मागून अक्का म्हणाल्या, "त्यास्नी राख शे. विहीरमा सोडेल व्हती."

मला बागेबाहेर नेऊ नका, हे आबांचं शेवटचं सांगणं. म्हणून अक्कांनी अस्थी नदीवर न नेता विहिरीत सोडल्या, पाण्याबरोबर केळीला पोचतील म्हणून. आमच्या फिल्टरने त्यांना दारातच अडवलं होतं.

टाकी धुतल्याशिवाय बाग वाचणार नव्हती. धुवायची म्हणजे बॅकवॉश करायचा, टाकीत उलटं पाणी सोडून वाळूवरचं सगळं एका पाइपातून बाहेर काढायचं. तो पाइप बांधावर सुटत होता आणि पाणी पलीकडच्या नाल्यात जात होतं. नानांनी अक्कांना हे सरळ सांगून टाकलं.

अक्कांनी कुदळ घेतली आणि पाइपाच्या तोंडापासून बागेतल्या पहिल्या ओळीपर्यंत चर ओढत आणला. उन्हात, आम्हाला हात लावू न देता. मग घाम पुसून नानांना म्हणाल्या,

"सोडा आते. त्यास्ले ठिबक कधी पटनंच नही. पाटना पाणीमाच जाऊ द्या."