रस्ता अडवला त्या सकाळी

बाबा आधी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहून गंजायला लागला, तेव्हा तो विकून त्यांनी टॅक्सी घेतली. आमचं घर पेडण्यात, मोप्याच्या सड्याच्या पायथ्याशी. वरच्या त्या कातळाच्या पठारावर गावची गुरं चरायची, काजूची झाडं होती. त्यातली काही आमची होती. विमानतळासाठी ती गेली तेव्हा बाबा फारसे चिडले नाहीत. "विमान येतलां म्हणजे माणूस येतलो. माणसाक गाडी लागतली," असं ते आईला समजवायचे.

विमानतळ झाला आणि मला तिथे नोकरी लागली. प्रवाशांच्या बॅगा वजन करायच्या आणि बोर्डिंग पास द्यायचा. मी स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण माणसांना बंगळुरूला, दिल्लीला, पुढे परदेशात धाडत होते. बाबांना मात्र तिथे गाडी लावायला जागा मिळेना. मोबाइलवरून बोलावलेल्या गाड्या, बाहेरून आलेल्या गाड्या थेट दारापर्यंत जायच्या आणि पेडण्याचे टॅक्सीवाले रस्त्याकडेला ताटकळत बसायचे. सकाळी आम्ही दोघं एकाच घरातून निघायचो, एकाच सड्यावर पोचायचो, मी काचेच्या दाराच्या आत आणि ते बाहेर. जेवताना हा विषय काढायचा नाही, असं आईनं ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी आमची स्टाफची बस चढावर थांबली. पुढे टॅक्सीवाल्यांनी रस्ता अडवला होता. खाली उतरून बघते तर डांबरावर चादरी टाकून बसलेल्या माणसांत पहिल्या ओळीत बाबा. त्यांनी मला पाहिलं आणि मान वळवली. पोलीस होते, पण कुणी कुणाला हात लावत नव्हतं. प्रवासी गाड्या सोडून बॅगा ओढत चालत निघाले होते. आम्हीही चालायला लागलो.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी माझा गणवेश पाहून विचारलं, "बाय, अजून किती लांब आसा?"

त्यांच्यासोबत त्यांचे यजमान होते. सावंतवाडीकडचे. मुलगा बंगळुरूत नोकरीला होता, त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला होता आणि तो इस्पितळात होता. दोघं पहिल्यांदाच विमानानं जायला निघाली होती. तिकीट शेजारच्यांनी काढून दिलं होतं. विमान माझ्याच कंपनीचं होतं. बाईंना गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं, आणि वरचा रस्ता उन्हात तापत होता.

मी परत मागे गेले. बाबांसमोर उकिडवी बसले आणि हळूच म्हटलं, "बाबा, ती दोघं बघा. मुलगा इस्पितळात आहे त्यांचा. एवढी एक फेरी मारा."

बाबांची गाडी अडवलेल्या जागेच्या पुढे, विमानतळाच्या बाजूलाच उभी होती. त्यांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्यांकडे पाहिलं. सगळे ऐकत होते.

"आज माका सांगू नको, बाये," ते म्हणाले. "आज मी गाडी काढलंय तर उद्या ह्यांच्यात बसाक मिळाचा नाय. एकाक सोडला की सगळे सुटले."

"ती दोघं तरी कुठे जाणार?"

"तू जा. तुझी ड्युटी आसा."

मी त्या दोघांची बॅग उचलली. बाईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. पोलिसांची एक जीप दिसली, पण ती उलट दिशेला गेली. मी वाटेतून काउंटरवर फोन केला, थोडं थांबता आलं तर बघा म्हणून. पण विमान ठरलेल्या वेळेला निघतं आणि दारं त्याच्या आधी बंद होतात, हे मीच रोज लोकांना सांगत असते. आम्ही पोचलो तेव्हा दारं बंद झाली होती.

संध्याकाळच्या विमानात, हैदराबादवरून जाणाऱ्या, त्यांना जागा मिळाली. मी दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि कामाला लागले. दुपारी जेवायच्या सुट्टीत त्यांच्यासाठी पाव-भाजी घेऊन गेले तर आजोबा फोन कानाला लावून बसले होते. ते काही बोलत नव्हते, नुसते "हं, हं" करत होते. फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "चाय घेतंस?"

बाई म्हणाल्या, "कोणाचो फोन? काय म्हणतत?"

"तसोच आसा म्हणतत."

मी चहा आणायला निघाले तर ते मागोमाग आले. चहाच्या दुकानापाशी भिंतीला टेकले. "गेलो तो," म्हणाले. "तिका सांगू नको. थंय पोचल्यार मी सांगतलंय." मी दोन चहा घेतले आणि एक त्यांच्या हातात दिला. परत जाऊन त्यांनी तो बायकोसमोर बसून सगळा प्यायला. संध्याकाळपर्यंत त्यांना त्याच खुर्चीवर बसून राहायचं होतं.

माझी पाळी संपली तेव्हा रस्ता मोकळा झाला होता. चर्चेचं आश्वासन मिळालं होतं म्हणे. बाबा माझ्या आधी घरी आले होते, पडवीत पाय धुऊन बसले होते.

"त्यांचां विमान गावलां?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती म्हणाली, "वेळेर गेली असती तरी विमानात नायतर वाटेरच असती ती तेव्हा. तो काय वाचलो नसतो."

"वाचलो नसतो," बाबा म्हणाले. "पण बापाक दिवसभर बायलेसमोर तोंड धरून बसाचा लागला नसता."

त्या रात्री ते जेवले नाहीत. मला राग होता, पण तो नेमका कुणावर ते मलाही कळत नव्हतं. ती दोघं पुढे कशी गेली, मुलाला घेऊन कुठल्या वाटेनं परत आली, ते मला कधीच कळलं नाही.

काही महिन्यांनी टॅक्सीवाल्यांना जागा मिळाली. बाबांचा रांगेत नंबर लागला. थोडे दिवस ते गेले, मग हळूहळू जायचे बंद झाले. आता ते पेडण्याच्या बाजारातून भाडी घेतात, आजारी माणसांना पणजीला, फोंड्याला नेतात. एवढं भांडून मिळवलं आणि सोडलं कशाला, असं सोबतचे विचारतात. बाबा म्हणतात, रांगेत बसून कंबर दुखते. ते खरंही असेल.

मागच्या महिन्यात कंपनीनं मला बंगळुरूला बदली देऊ केली. आई नको म्हणते. मी बाबांना विचारलं. ते गाडीची काच पुसत होते.

"जावचां आसात तर जा. पण थंय विमानतळाच्या जवळ खोली घे."

"जवळ कुणाला परवडत नाही तिकडे. सगळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात."

"मगे लोक पोचतत कशे?"

"खूप आधी निघतात, बाबा."

त्यांनी काच पुसायचं थांबवलं नाही. मी कंपनीला अजून काही कळवलेलं नाही.