कुत्र्याची लाळ आणि चौदा सुया

राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमच्या हैदराबादच्या कचेरीतली मराठी मंडळी एकेक करून औरंगाबादला गेली. मी अर्जात मुद्दाम हैदराबादच मागितलं. डाव असा, की वरचे गेले की बढती आपलीच. बढती तिसऱ्यालाच मिळाली आणि मी नल्लकुंट्यातल्या दोन खोल्यांत एकटा उरलो. बोलायला राहिला तो औरंगाबादला गेलेल्या शेजाऱ्यांनी मागे ठेवलेला कुत्रा. त्याला मराठीच कळायचं. गल्लीतली पोरं तेलुगूत "कूर्चो, कूर्चो" ओरडायची, हा ढिम्म. मी "बस रे बाबा" म्हटलं की बसायचा. कचेरीतली सगळी गाऱ्हाणी मी त्यालाच सांगे.

एकदा वांगी चिरताना बोट कापलं. त्याच सुमारास कुत्र्यानं अन्न सोडलं, आवाज घोगरा झाला, तोंडातून लाळ गळू लागली. घशात हाड अडकलं असेल, असं निदान मी केलं आणि कापलेल्या बोटासकट हात त्याच्या तोंडात घातला! चौथ्या दिवशी तो गेला.

कुत्रा पिसाळलेला होता म्हणत घरमालकांनी मला सरकारी दवाखान्यात पिटाळलं.

"चावला नाही हो," मी डॉक्टरांना ऐटीत सांगितलं.

"काटना जरूरी है क्या? जखम को लाळ लगी, बस! मुँह में हाथ कायकू डाले?"

"हड्डी निकालने को."

"मिली?"

"नै."

"पोटात चौदा सुया. रोज एक. चुकवली तर मरते तुम."

पाण्याची धास्ती वाटू लागली की माणूस संपला, हे मी ऐकून होतो. रोज सकाळी लोटा तोंडाशी नेऊन एक घोट घेऊन बघायचो. घोट उतरला की हुश्श. पण नाहीच उतरला, तर धावून येणारं होतं कोण? मग तसाच पायी दवाखान्यात जायचो. तिथला म्हातारा कंपाउंडर सुई उकळता उकळता विचारायचा, "रात को नींद आई? क्या खाए?" वरण कच्चं राहिलं म्हटलं, तर डाळ आधी भिजत घालायला सांगायचा. सुईनं पोटावर सुपारीएवढी गाठ यायची. तरी दहाव्या दिवसापासून मी वेळेच्या अर्धा तास आधीच जाऊन बसू लागलो.

चौदाव्या दिवशी त्यानं कापूस दाबला. "हो गए चौदा. अब कुछ नै होता तुमको."

"उद्या किती वाजता येऊ?"

"कल कायकू? सो जाओ आराम से."

त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. मी सदरा वर धरून तसाच उभा.