कुटुंबप्रमुख कोण?

टेक्सासमधल्या अर्विंगला आल्यावर पहिली काही वर्षं मी 'डिपेंडंट' होते. हा शब्द माझा नाही, व्हिसाचा. नवऱ्याला नोकरी करायची परवानगी आणि मला घरात बसायची. पुण्यात सीएच्या ऑफिसात सात वर्षं लोकांची रिटर्न्स भरलेली मी, आता दुपारी कोथिंबीर निवडत बसायचे आणि ती संपली की कुणाशी भांडावं याचा विचार करायचे. पगार घेऊन काम करता येत नव्हतं, फुकट करायला मात्र कुणाची ना नव्हती. म्हणून २००६च्या सुरुवातीला लायब्ररीच्या फळ्यावर 'कमी उत्पन्नाच्या नोकरदार कुटुंबांना टॅक्स भरायला मोफत मदत, स्वयंसेवक हवेत' असा कागद दिसला, तेव्हा मी तिथल्या तिथे नाव देऊन आले.

"फुकट ते पौष्टिक," नवरा म्हणाला, "पण घेणाऱ्याला. देणाऱ्याला काय?"

"देणाऱ्याला दर शनिवारी नवऱ्यापासून सुट्टी," मी म्हटलं.

ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली. मी पास झाले आणि व्हायचा तेवढा माज मला झाला. लायब्ररीच्या मागच्या खोलीत फोल्डिंगची टेबलं आणि सहा लॅपटॉप मांडून आम्ही बसायचो. हॉटेलातले वेटर, छपरं घालणारे, शाळेची बस चालवणाऱ्या बायका, सगळे आपापले पगाराचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन यायचे. आमच्याकडे दोन नियम होते. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं. म्हणून आजही मी कुणाचं नाव लिहीत नाही. आणि एकाने भरलेला फॉर्म दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही. तपासायला गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, अस्सल टेक्सासच्या. त्यांनी 'हनी' अशी हाक मारली की समजायचं, चूक सापडली.

मार्चच्या पहिल्या शनिवारी एक बाई माझी टिकली बघून सरळ माझ्याच टेबलाशी आल्या. चाळिशीच्या असतील. जाड जाकिटावर मंगळसूत्र.

"मराठी ना ताई? बरं झालं बाई. इंग्लिश समजतं मला, पण सरकारचं इंग्लिश वेगळंच असतं."

एअरपोर्टजवळच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत त्या कामाला होत्या. दहा वर्षांची मुलगी होती. कामाची शिफ्ट सकाळी सहाला सुरू व्हायची आणि त्या वेळेला बस नसायची.

"शेजारची मैत्रीण राइड देते. ती पण तिथंच कामाला. पण महिनाअखेर ती तिकडे शिकागोजवळ शॉमबर्गला मूव्ह होतेय. जुनी गाडी अडीच हजारात मला देते म्हणाली, तोपर्यंत होल्ड करणारे. गाडी नाही तर जॉब नाही, ताई. म्हणून रिफंड किती येतो ते बघायला आले."

"लायसन्स आहे?"

"आहे की. गाडी पण होती आमच्याकडे. हे प्रोजेक्टवर न्यू जर्सीला गेले ना, तिकडे लागते म्हणून घेऊन गेले. टॅक्स पण ते त्यांचा वेगळाच भरतात."

मी मान डोलावली आणि भराभर टाइप करायला लागले. फॉर्मवर 'हेड ऑफ हाउसहोल्ड' अशी एक भानगड असते. तिची व्याख्या मला इंग्रजीत तोंडपाठ होती, परीक्षेत त्याचे पूर्ण मार्क पडले होते. पण समोर मराठी बाई, म्हणून मी अगदी शुद्ध मराठीत विचारलं, "घरात कुटुंबप्रमुख कोण?"

"हे," त्या म्हणाल्या.

त्यांना यात काही वावगं वाटलं नाही आणि, सांगायला लाज वाटते, मलाही नाही. रेशनकार्डाच्या पहिल्या पानावर कुणाचं नाव असतं ते आम्हा दोघींना लहानपणापासून माहीत होतं. मी 'विवाहित, वेगळा फॉर्म' या चौकोनात खूण केली. रिफंड आला हजाराच्याही आत.

त्यांनी आकड्याकडे बघितलं. "एवढेच?" मग स्वतःच म्हणाल्या, "असू दे. कायदा तो कायदा. तुम्ही तरी काय करणार." आणि कागद पिशवीत भरायला लागल्या. त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात फॉर्म तपासणाऱ्या बाई चष्मा खाली करून म्हणाल्या, "हनी."

त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी मराठी करून सांगत होते.

"घराचं भाडं कोण भरतं?"

"मी."

"वीज? किराणा?"

"मीच की. मुलीच्या शाळेच्या ट्रिपचे पण मीच भरते."

"मग घराचा प्रमुख नवरा कसा?"

त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की हिला एवढंही कळू नये. "अहो, नवरा आहे ना!"

मी टेक्सासच्या बाईंना समजावलं, की आमच्यात प्रमुख म्हणजे पैसे भरतो तो नव्हे, ज्याला विचारून सगळं करायचं तो. त्या म्हणाल्या, "न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला विचारून?" हे काही मी मराठीत सांगितलं नाही.

मग त्यांनी कायदा नीट सांगितला. वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा घरात राहिला नसेल आणि घर बाईच्याच पैशांवर चालत असेल, तर ती प्रमुख धरली जाते आणि रिफंड बराच वाढतो. पण नवरा नुसता कामासाठी गेला असेल आणि काम संपलं की परतणार असेल, तर तो घरात आहे असंच धरतात. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हिला सांग, कुठल्या उत्तराला किती पैसे ते विसर आणि खरं असेल तेच सांग. नवरा परत येणार आहे का?"

मी शब्दन् शब्द सांगितला. एका सवाष्णीचा नवरा परत न येवो, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून म्हटलं आणि लगेच मनातल्या मनात जीभ चावली.

त्यांनी भरलेली पिशवी परत टेबलावर ठेवली. "प्रोजेक्ट आठ महिन्यात संपलं, ताई. संपून वर्ष होऊन गेलं. तिकडे त्यांनी दुसरं घर केलंय. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना मी प्रोजेक्टच सांगते. मुलीला पण. तिला कळलंय सगळं, पण ती पण माझ्याशी प्रोजेक्टचंच बोलते."

मला भाषांतर सुचेना. स्वतःचा भयंकर राग आला होता. परीक्षेत पूर्ण मार्क घेऊन मी त्यांना एक सरळ प्रश्नही विचारला नव्हता. पण माझी गरज पडलीच नाही. त्या टेक्सासच्या बाईंकडे वळल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "नो कमिंग बॅक. आय पे. एव्हरीथिंग आय पे." आणि पिशवीतून वर्षभराच्या भाड्याच्या पावत्या, रबर लावलेला अख्खा गठ्ठा, टेबलावर ठेवला.

फॉर्म नव्याने भरला. या वेळी आकडा तीन हजारांच्या वर गेला. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"म्हणजे मी कुटुंबप्रमुख?"

"हो."

"मग मंगळसूत्र काढावं लागेल?"

"टॅक्सवाल्यांना तुमच्या मंगळसूत्राशी काही देणंघेणं नाही हो!"

त्या एवढ्या मोठ्यांदा हसल्या की लायब्ररीच्या बाई दारातून डोकावून गेल्या. त्या दिवसापासून मी कुणालाही प्रमुख कोण असं विचारलं नाही. भाडं कोण भरतं, इथूनच सुरुवात करायची.

पैसे वेळेत आले. मंडळाच्या पाडव्याला एका शाळेच्या हॉलमध्ये पॉटलक होतं, ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायचा, तिथे मुलीला घेऊन त्या स्वतःच्या गाडीने आल्या. बटाटेवड्यांचा मोठा ट्रे आणला होता. मला आधी पार्किंगमध्ये नेऊन गाडी दाखवली. मागचा दरवाजा आतून उघडत नव्हता, पण त्याचंही त्या कौतुकच सांगत होत्या.

जेवणाच्या रांगेत आमच्या मंडळातल्या एका काकूंनी त्यांना गाठलं. या काकूंना सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असावं लागतं. "काय गं, मिस्टर कधी यायचेत? फारच लांबलं बाई प्रोजेक्ट!"

मी ट्रेमधला अख्खा वडा तोंडात कोंबला, न जाणो माझ्याच तोंडून काही निसटायचं.

"प्रोजेक्ट कधीच संपलं, काकू," त्या म्हणाल्या. "ते नाही यायचे आता."

काकूंच्या हातातला डाव हवेतच राहिला. "अगं बाई! मग घरात आता कोण?"

"मी आहे ना," त्या म्हणाल्या आणि काकूंच्या ताटात एक वडा वाढला.

मुलगी शेजारीच उभी होती. तिने आईकडे बघितलं, हातातली प्लेट टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "फायनली, आई."