शॉर्टस्टॉपचा साखरपुडा

लंडनमध्ये राहणाऱ्या एका मराठी माणसाला बेसबॉलचं वेड असू शकतं, हे मला आजवर कुणालाच पटवून देता आलेलं नाही. ऑफिसमधले इंग्रज लोक आधी माझ्याकडे बघतात, मग हसतात आणि म्हणतात, म्हणजे राउंडर्सच ना, आम्ही शाळेत खेळायचो. पुण्याला आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, क्रिकेट काय वाईट होतं?" मी सोडून दिलं. खरं तर वाद सोडून देणं माझ्या रक्तात नाही. शाळेत बाईंनी प्रगतिपुस्तकात 'उलट बोलते' असं लिहिलं होतं आणि मी त्यावरही बाईंशी वाद घातला होता.

काका मला भेटले ते लंडनच्या हॅरो भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, गणपतीत. मी पुण्याहून वर्क व्हिसावर नुकतीच आले होते, कुणी ओळखीचं नव्हतं, जेवणाच्या रांगेत उगाच फोनमध्ये तोंड खुपसून उभी होते. पुढे एक सत्तरीचे गृहस्थ. अंगात झब्बा आणि डोक्यावर बेसबॉलची टोपी! त्याआधी दोन वर्षं मी अमेरिकेत प्रोजेक्टवर होते आणि ज्या शहरात होते, नेमक्या त्याच शहरातल्या टीमची ती टोपी होती. मला राहवेना.

"काका, या टीमचं यंदा काही खरं नाही."

ते गर्रकन वळले. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"पुण्याची दिसतेस."

"हो."

"वाटलंच," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात स्वतःच्या हाताने आणखी एक मोदक वाढला. जेवणं होऊन खुर्च्या आवरायला लागले तरी आमचं पिचिंगवर, म्हणजे कोण कसा चेंडू फेकतो यावर, चाललंच होतं. शेवटी काकूंनी येऊन दोघांनाही उठवलं.

काकांची मुलगी त्या शहरात राहते. नातवाला सांभाळायला म्हणून ते सहा महिने तिकडे गेले आणि हा नाद लावून घेऊन परत आले. त्यांच्या पिनरच्या घरी रविवारी मॅच लावायची पद्धत होती. तिकडे दुपारी दीडला सुरू झालेली मॅच इकडे संध्याकाळी साडेसहाला दिसते, त्यामुळे काकूंच्या दृष्टीनेही ती सभ्य वेळ होती. प्रेक्षक आम्ही तिघं: काका, मी आणि नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला मित्र, जो माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. त्याला मी आधी नुसतं काकूंच्या साबुदाणावड्यांच्या आमिषाने नेलं होतं. काकू स्वतः मॅच कधी बघत नसत. त्या स्वयंपाकघरातून आमची भांडणं ऐकत आणि मधूनच "हळू, शेजारी इंग्रज आहेत," असं ओरडत.

काका नोकरीत होते तेव्हा रेल्वेत सिग्नलचं काम करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या मराठी लोकांसाठी वधू-वर मेळावे भरवायचे. अर्ध्या हॅरोची लग्नं आपण जमवली, असा त्यांचा दावा होता. बेसबॉल बघतानाही ते डोकं काही बदलत नसे. खालच्या दर्जाच्या टीममध्ये तयार होणाऱ्या तरुण पोरांना ते 'स्थळं' म्हणायचे. त्या पोरांचे आकडे म्हणजे 'पत्रिका'. एखाद्याचा खांदा दुखावलेला असला की काका चष्मा वर करून म्हणायचे, "मंगळ आहे." हळूहळू आम्हीही तसंच बोलायला लागलो. नागपूरकर तर एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका उमेदवाराबद्दल "पत्रिका चांगली आहे, पण घराणं बघावं लागेल," असं इंग्रजीत म्हणून बसला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

आमचा सगळ्यात मोठा वाद असायचा तो साखरपुड्याचा. बेसबॉलमध्ये तरुण खेळाडू पहिली काही वर्षं टीमला बांधलेला असतो, नंतर मोकळा होतो आणि मग कुणाकडेही जाऊ शकतो. म्हणून हुशार टीम तो मोकळा व्हायच्या आतच त्याच्याशी पुढच्या सात-आठ वर्षांचा करार करून टाकते. त्याला खात्री मिळते, टीमला तो स्वस्तात मिळतो. याला काका साखरपुडा म्हणायचे आणि त्यांचं मत ठाम होतं: स्थळ चांगलं आहे ना, मग उरकून घ्या. माझं मत बरोब्बर उलटं. पोरगा जेमतेम चोवीसचा, एक सीझन बरा गेला की लगेच गळ्यात माळ कशाला? आणखी दोन वर्षं बघा की.

"तुझं हेच चुकलं," काका म्हणायचे. "बघत बसलीस."

यातली मेख अशी की त्यांनी माझ्यासाठीही दोन स्थळं आणली होती आणि दोन्ही मी नाकारली होती. त्यावर ते सरळ कधी बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते आमच्या शॉर्टस्टॉपच्या आडून बोलायचे. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून जवळजवळ सगळं अडवणारा गडी. आमचा होता तो काकांचा जीव की प्राण. त्याच्याशी टीमने लवकर करार करावा म्हणून हा माणूस हळवा व्हायचा, जणू काही तो पोरगा पिनरमध्येच वाढला होता.

त्या घराने मला काय दिलं ते सांगायला बसले तर सगळं आठवतंय आणि काहीच पुरेसं वाटत नाही. मी फ्लॅट भाड्याने घेताना काका सोबत आले, प्रत्येक खोलीत भिंतीवर बोटाने टकटक करून ओल शोधली, आणि एजंटला इतके प्रश्न विचारले की तो घामाघूम झाला. पहिल्या थंडीत मी आजारी पडले तेव्हा काकू आइस्क्रीमच्या डब्यात मऊ भात घेऊन बसने यायच्या. परक्या देशात आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, ही जाणीव केवढी मोठी असते! मला ती त्या दोघांनी दिली. मी त्यांची ऋणी आहे, आणि हे लिहिताना मला अजिबात लाजल्यासारखं होत नाही.

मग एका मार्चमध्ये, सीझन सुरू व्हायच्या जरा आधी, काकांना स्ट्रोक आला.

जीव वाचला. उजवा हात थोडा कमजोर झाला, चालणं हळू झालं, पण खरा घाला पडला तो बोलण्यावर. त्यांना सगळं कळत होतं, फक्त शब्द हाती लागत नव्हते. 'चहा' म्हणायला जायचे आणि मधेच थांबून छताकडे बघत राहायचे. हॉस्पिटलमधून एक स्पीच थेरपिस्ट घरी यायची, फार गोड मुलगी. तिने सांगितलं की बोलणं बरंचसं परत येऊ शकतं, पण त्यांनी रोज प्रयत्न करायला हवा. त्यांच्याशी बोला, त्यांना वेळ द्या, त्यांची वाक्यं तुम्ही पुरी करू नका.

आम्ही वेळ दिला. अगदी भरपूर दिला. पण आम्ही पडलो मराठी घरातली शिस्तीची माणसं, आजारी वडीलधाऱ्यांसमोर उलट बोलायचं नाही हे आमच्या अंगात मुरलेलं. काकांनी "हा... चांगला" एवढं म्हटलं की नागपूरकर लगेच, "बरोबर आहे, काका." काकांनी मान हलवली की मीही, "अगदी खरं, काका." मी! उलट बोलण्याबद्दल शेरा मिळवलेली मी, सोफ्यावर हात जोडल्यासारखी बसून माना डोलावत होते. मॅच चालू असायची आणि आम्ही तिघं कीर्तनाला बसल्यासारखे गप्प.

काका बोलेनासे झाले. पहिल्या काही रविवारी दोन-चार शब्द तरी यायचे, मग तेही आटले. मे संपता संपता ते नुसतं बोट दाखवायला लागले.

एका रविवारी मी कप ठेवायला आत गेले तर काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "ह्यांना पाणी हवं असलं तर ग्लासकडे बोट करतात," त्या म्हणाल्या. "टीव्ही हवा तर टीव्हीकडे. मी म्हणते, अहो, तोंडाने मागा, तर मान फिरवतात. ती मुलगी सांगत होती, एकदा खुणांची सवय लागली की माणूस प्रयत्नच सोडतो. असंच राहिलं तर मी या घरात बोलू कुणाशी गं?" मी कप विसळत राहिले.

पुढच्या रविवारी मी आले तीच डोक्यात राख घालून. आठवडा भिकार गेला होता. मॅनेजरने माझं काम स्वतःचं म्हणून दाखवलं होतं आणि वर हॅरोला गाडी बदलताना अर्धा तास प्लॅटफॉर्मवर ताटकळले होते. सोफ्यावर बसते तोच कॉमेंट्रीवाल्यांनी बातमी दिली की आमच्या शॉर्टस्टॉपशी टीमची मोठ्या कराराची बोलणी सुरू झाली आहेत. त्या महिन्यात तर त्याची बॅट पार रुसलेली होती.

काकांचे डोळे चमकले. त्यांनी डावा हात उचलला. "द्या..." थोडं थांबून, "द्यावा."

"एकदम बरोबर, काका," नागपूरकर म्हणाला. "द्यायलाच पाहिजे."

आणि माझं डोकं सटकलं.

"काय बरोबर आहे यात? डोंबल! महिनाभर एक धड फटका नाही त्याचा, आणि म्हणे आठ वर्षं द्या! काका, तुम्हाला ना तो पोरगा आवडतो म्हणून त्याचं सगळंच गोड लागतं. तुमच्यासारखे लोक टीम चालवायला बसले तर दिवाळं निघेल!"

नागपूरकर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी देवाला लाथ मारली होती. "काहून ओरडते गं त्यांच्यावर?" तो कुजबुजला. मी काय बोलून बसले होते! काकांचा चेहरा लाल झाला होता. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी "सॉरी" म्हणायला तोंड उघडलं.

"बॅट..." काका म्हणाले.

नागपूरकराने टीव्हीचा आवाज कमी केला.

"बॅट... रुसते." त्यांनी डावा हात सोफ्यावर आपटला. "हात... हात... रुसत नाही! हात... बघ... त्याचे!"

केवढं लांब वाक्य होतं ते! आणि खरंही होतं. फटके येतात-जातात, पण चेंडू अडवणारे हात महिन्यामहिन्याला बदलत नाहीत. मला मुद्दा तत्क्षणी पटला, त्याहीपेक्षा मला रडू यायला लागलं, आणि मी "हो, काका" म्हणणार, तेवढ्यात दारात काकू दिसल्या. हाताला भज्यांचं पीठ तसंच. त्या काकांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "भांड गं. अजून भांड ह्यांच्याशी."

मी डोळे पुसले आणि भांडले. "हातांचं कौतुक मला सांगू नका. तिशीनंतर हातही मंदावतात!"

"तिशी... लांब... आहे!"

"आणि पायाचं काय? मागच्या वर्षी पाय दुखावला होता, तो मंगळ कुठे गेला?"

"तो... तो... सौम्य!"

नागपूरकराला एव्हाना उमगलं होतं. तो बिचारा जन्मात कुणाशी भांडलेला नाही, पण त्यानेही कंबर कसली. "काका, मी माझं मत बदललं," तो म्हणाला, "मला बी तो पोरगा काही खास नाही वाटत." काका त्याच्याकडे इतके रागाने वळले की त्यांच्या मांडीवरची उशी खाली पडली. त्यांना शब्द शोधायला वेळ लागत होता, काही शब्द चुकीचे येत होते, एकदा तर शॉर्टस्टॉपला ते 'जावई' म्हणाले आणि स्वतःच वैतागले. पण ते शोधत होते! मान फिरवून बसत नव्हते. मॅचमध्ये काय झालं ते आम्हा तिघांपैकी कुणालाही आठवत नाही. काकू पुन्हा आत गेल्याच नाहीत, पिठाचे हात तसेच धरून सोफ्याच्या हातावर टेकून ऐकत राहिल्या.

आम्ही निघालो तेव्हा काका थकून गेले होते. तरी काठी घेऊन दारापर्यंत आले. नऊ वाजून गेले तरी बाहेर अजून उजेड होता, शेजारचे लोक बागेला पाणी घालत होते. मी कोट घातला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, तुमच्यामुळे मी या देशात टिकले, हे सांगावंसं वाटत होतं.

"रविवारी..." काका म्हणाले. शब्द शोधला. "ये."

काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून भुवई जराशी उडवली.

"बघू," मी म्हटलं. "जमलं तर येईन."

"जमलं तर म्हणजे काय?" काका ओरडले, न थांबता, न अडखळता.