सतरा आठे

शाळेच्या कपाटाची किल्ली मावशींच्या गळ्यातल्या काळ्या दोरीत तेवीस वर्षं लोंबत होती. गाव त्यांना किल्लीमावशीच म्हणायचं. मंगळवारी तपासणीस साहेबांनी हात पुढे करून ती मागून घेतली, तेव्हा त्यांची मान एकदम हलकी झाली. ते हलकेपण त्यांना मुळीच सोसवेना.

सातवीचा गणिताचा निकाल पाच वर्षांत कधी निम्म्यावर गेला नव्हता. यंदा एकोणीसपैकी अठरा पास! गाव खूश, साहेब नाखूश. एका गणितात सोळा मुलं चुकली होती, आणि सोळाही जणांची चूक एकच होती. आठ वह्यांचा एक गठ्ठा, तर सतरा गठ्ठ्यांत वह्या किती? एकशे सव्वीस!

"चूक ज्याची त्याची वेगळी असते, बाई," साहेब मुख्याध्यापिकांना म्हणाले. "सोळा जणांना एकच चूक म्हणजे पेपर फुटला आणि उत्तरं कुणीतरी घाईत सांगितली. प्रश्नपत्रिकांचं पाकीट दोन दिवस कुठे होतं?"

बाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग मावशींकडे. मावशींची नात सातवीत होती आणि वर्गात पहिली आली होती. आणखी काय हवं?

"उद्या दुपारपर्यंत खरं सांगा," साहेब मावशींना म्हणाले. "नाहीतर निकाल रद्द, आणि तुम्ही घरी."

मावशींचा संशय गणिताच्या सरांवर होता. वर्षभर हा माणूस शाळा भरायच्या आधी तासभर शिकवायचा, तोही दार लावून. उन्हाळ्यातसुद्धा! चांगल्या कामाला दार कशाला लावावं लागतं?

संध्याकाळी वर्ग झाडताना त्यांनी मुद्दाम दार लावून पाहिलं. दारामागे भिंत होती, भिंतीवर पाढे. दार उघडं असलं की ते झाकले जात, म्हणून सर दार लावायचे. एवढंच? मावशी हिरमुसल्या.

घरी त्यांनी नातीला पकडलं. "खरं सांग, पेपर कुणी दाखवला?"

"कुणी नाही गं आजी."

"मग सतरा आठे किती?"

"एकशे सव्वीस," नात श्वासही न घेता म्हणाली.

मावशींनी अंगणातले खडे गोळा केले. आठाची एक ओळ, अशा सतरा ओळी मांडल्या आणि नातीला मोजायला बसवलं. नातीने दोनदा मोजले.

"आजी, दहा जास्त झालेत. तू मांडायला चुकलीस."

मावशींनी ओळी पुन्हा तपासल्या. ओळी बरोबर होत्या. मग कुठे चुकलं ते त्यांच्या लक्षात आलं. वर्गाच्या भिंतीवरचे पुसट झालेले आकडे दर सुट्टीत ब्रशने त्याच गिरवायच्या. त्या स्वतः शिकलेल्या दुसरीपर्यंत. एकशे छत्तीसमधल्या तिनाचं खालचं पोट पुसलं गेलं असणार, आणि त्यांनी दोन गिरवला.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी शाळेत पोचल्या. रंगाचा डबा कपाटावर होता. ब्रशचा एक फटकारा पुरला असता, कुणाला कळलंही नसतं. पण मग सोळा पोरं चोर ठरली असती. डबा तिथेच ठेवून त्या साहेबांची वाट पाहत बसल्या.

मावशींनी दाखवलेला भिंतीवरचा १२६ साहेबांनी पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "सोयीची चूक आहे. काल रंगवलीत?"

"सुट्टीतला रंग आहे. नखाने खरवडून बघा. आणि सरांना पोरांच्या वह्या आणायला सांगा."

सर जागचे हलेनात, म्हणून बाईंनीच वह्या आणल्या. पाच महिन्यांपूर्वीची तारीख, एकशे सव्वीस, आणि शेजारी सरांच्या लाल शाईची बरोबरची खूण. एका वहीत नाही, सगळ्या वह्यांत.

"तुम्हीसुद्धा?" साहेबांनी विचारलं.

सरांचे कान लाल झाले. "भिंतीवर होतं ना, साहेब."

निकाल कायम राहिला. जाताना साहेबांनी किल्ली परत दिली, पण मावशींनी ती लगेच गळ्यात घातली नाही. त्यांनी नातीला हाक मारली, वर्गाचं दार लावून घेतलं आणि खड्यांची पिशवी फरशीवर रिकामी केली.

"दोनाच्या पाढ्यापासून सुरू कर," त्या म्हणाल्या. "आणि भिंतीकडे बघायचं नाही."